विमानतिकिटाचा परतावा : प्रवाशाचे धनकोत्व

एस. टी.च्या गाडीत चढावे, कंडक्टरला पैसे द्यावेत, तिकीट घ्यावे आणि गाडी हलावी, या व्यवहारात पैसा आणि सेवा यांच्यामध्ये फारसे अंतर पडत नाही. विमानप्रवासात हे अंतर आठवड्यांचे, कित्येकदा महिन्यांचे असते. मे महिन्यातील प्रवासाचे भाडे जानेवारीतच भरलेले असते. तिकीट जितके आधी काढावे तितके ते बहुधा स्वस्त पडते, म्हणून पैसे लवकर गुंतविण्याकडे प्रवाशाचा ओढा असणे स्वाभाविकच आहे. या मधल्या काळात हा प्रवासी विमान कंपनीचा कोण असतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. विचारलाच तर ‘ग्राहक’ असे उत्तर मिळते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. सेवा मिळेपर्यंत प्रवाशाचा पैसा कंपनीच्या हाती असतो आणि कंपनी तो इंधन, वेतन, विमानांची भाडी अशा चालू खर्चाकडे वळवीत असते. काटेकोरपणे बोलायचे तर उड्डाण रद्द होईपर्यंत कंपनीचे देणे सशर्त स्वरूपाचे असते. तथापि उड्डाण रद्द झाले की त्याच क्षणी प्रवासी हा कंपनीचा धनको ठरतो. त्याच्यापाशी तारण नसते, त्याला व्याज मिळत नाही आणि आपण कर्ज दिले होते याची त्याला जाणीवही नसते.

गेल्या दीड-दोन दशकांत भारतात परताव्याचे नियम बरेच विस्तारले. त्यांचे परीक्षण करताना एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पैसे देऊ शकणारी, परंतु देण्यास नाखूष असलेली कंपनी ही एक अवस्था. पैसे देण्यास असमर्थ झालेली कंपनी ही दुसरी. विद्यमान नियम जवळजवळ सर्वस्वी पहिल्या अवस्थेसाठी रचलेले आहेत. प्रवाशांचे मोठे नुकसान मात्र दुसऱ्या अवस्थेत होते.

या विषयाचा आंतरराष्ट्रीय पाया १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे झालेल्या करारात आहे. भारतात १९३४ च्या कायद्याने तो अमलात आला. कराचीहून मुंबईस टपाल घेऊन येणारी टाटांची विमानसेवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि विमानाचा प्रवासी ही दुर्मीळ व्यक्ती होती. करारकर्त्यांसमोर प्रश्न होते ते अपघाताचे, हरवलेल्या सामानाचे आणि विलंबाचे. एकोणिसाव्या कलमाने विलंबामुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी वाहकावर टाकली. ती टाळण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजल्याचे जो वाहक सिद्ध करील त्याला विसाव्या कलमाने तीतून मुक्त केले. उड्डाणच झाले नाही तर भाड्याचे काय, याविषयी मात्र करार मौन पाळतो. तो साधा संविदाभंग असल्याने देशोदेशीच्या कायद्यांनी त्याची व्यवस्था लावावी, असा या मौनाचा अर्थ लावण्यात आला. पुढे १९५५ चा हेग येथील उपकरार आला आणि भारताने १९७२ च्या कायद्याने तो स्वीकारला. १९९९ चा माँट्रियल करार भारतात २००९ मध्ये लागू झाला. मौन तेवढे कायम राहिले.

तेव्हा भारतीय प्रवाशाला प्रथम १८७२ च्या संविदा अधिनियमाकडेच वळावे लागते. शासकीय बंदीमुळे उड्डाण अशक्य झाले तर छप्पन्नाव्या कलमाने संविदा निरर्थ होते, आणि निरर्थ संविदेखाली ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा, असे पासष्टावे कलम सांगते. प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केले तर प्रश्न चौऱ्याहत्तराव्या कलमाखाली येतो. तिकिटातून कापली जाणारी रक्कम ही आगाऊ ठरविलेली भरपाई असून न्यायालये अशा भरपाईस ‘वाजवी’ या मर्यादेत ठेवतात. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निर्णयात ही मर्यादा स्पष्ट झाली आणि कैलास नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निर्णयात तिचा पुनरुच्चार झाला. दोन महिने आधी सोडलेली जागा कंपनी पुन्हा विकते, आणि बहुधा अधिक भावाने विकते. अशा स्थितीत तिचे नुकसान नेमके कोणते, हा प्रश्न तत्त्वतः प्रत्येक कापलेल्या तिकिटामागे उभा असतो. चार हजार रुपयांसाठी तो न्यायालयात नेणारा प्रवासी विरळा. अधिकार पुस्तकात आहे; तो बजावण्याचा खर्च अधिकाराच्या मोलापेक्षा अधिक आहे.

ही उणीव भरून काढण्याचे काम नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे आले. विमानांची सुरक्षितता हे ज्या संस्थेचे मुख्य प्रयोजन, तिने ग्राहकाच्या पैशांचे नियम करावेत यात थोडी विसंगती आहे. परंतु कंपनीचा उड्डाण-परवाना जिच्या हाती असतो, तिचेच कंपनी लवकर ऐकते, हेही खरे. १९३७ च्या विमान नियमांतील १३३-अ या नियमाखाली संचालनालयाने २००८ मध्ये परताव्याविषयी आणि २०१० मध्ये प्रवेश नाकारणे, उड्डाण रद्द होणे व विलंब यांविषयी निर्देश काढले. २०१६ मध्ये दोहोंत महत्त्वाच्या सुधारणा झाल्या.

२०१६ च्या या परतावाविषयक निर्देशातील तीन तरतुदी विशेष लक्षणीय होत्या. तिकीट रद्द करण्याचा आकार मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून कोणत्याही परिस्थितीत अधिक असू नये आणि वैधानिक कर व विमानतळाची शुल्के, सवलतीच्या तिकिटांच्या बाबतीतही, परत करावीत, ही पहिली. तिकीट मध्यस्थाकडून घेतलेले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच, कारण मध्यस्थ हा तिचा नियुक्त प्रतिनिधी होय, ही दुसरी. तिसरी वरकरणी किरकोळ वाटते. परताव्याची रक्कम पुढील प्रवासासाठी कंपनीकडे जमा ठेवणे, म्हणजे ज्याला ‘क्रेडिट शेल’ म्हणतात ते स्वीकारणे, हा प्रवाशाच्या इच्छेचा भाग आहे. कंपनीने ते परस्पर करू नये. कर्ज चालू ठेवावयाचे की नाही हे ऋणकोने नव्हे तर धनकोने ठरवावे, एवढाच या वाक्याचा आशय होता. चार वर्षांनी त्याच वाक्यावर सारा वाद पेटला.

दुसऱ्या निर्देशातील भरपाईच्या रकमांचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. मात्र ‘असाधारण परिस्थिती’चा अपवाद त्यात आहे आणि व्यवहारात तोच पुष्कळदा नियमाची जागा घेतो. इंटरग्लोब एव्हिएशन विरुद्ध एन. सच्चिदानंद या खटल्यात डिसेंबर २००७ मधील दिल्लीच्या दाट धुक्याने अडविलेल्या हैदराबादच्या विमानाचा प्रश्न होता. ४ जुलै २०११ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायपीठाने दिलेली भरपाई रद्द केली, कारण धुके कंपनीच्या हातचे नव्हते. परंतु अडकलेल्या प्रवाशांच्या खाण्यापिण्याची व किमान सोयींची काळजी घेण्याचे कर्तव्य धुक्यामुळे संपत नाही, असेही न्यायालयाने बजावले. विलंबाची भरपाई आणि विलंबकाळातील आस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालाने प्रस्थापित केले.

आता २०२० चे प्रकरण. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत उड्डाणे बंद झाली ती दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, अंशतः सुरू झाली. रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत करण्याऐवजी कंपन्यांनी ते क्रेडिट शेलमध्ये घातले. १६ एप्रिल रोजी नागरी विमानवाहतूक मंत्रालयाने एक ज्ञापन काढले. टाळेबंदीच्या पहिल्या पर्वात ज्यांनी तिकीट काढले होते, त्यांना त्यानुसार पूर्ण परतावा मिळणार होता. टाळेबंदीपूर्वीच ज्यांनी तिकिटे काढली होती, म्हणजे रीतसर आगाऊ पैसे भरणारे बहुसंख्य प्रवासी, ते मात्र या ज्ञापनाबाहेर राहिले. प्रवासी लीगल सेल या संस्थेची व इतरांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी व न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने तिचा निकाल दिला.

क्रेडिट शेल लादता येत नाही हा नियम न्यायालयाने नाकारला नाही. तथापि परिस्थिती अभूतपूर्व असून नियमाचा कठोर अंमल विमानव्यवसायाला झेपणार नाही, हे लक्षात घेऊन मंत्रालयाने मांडलेली योजना त्याने मान्य केली. टाळेबंदीपूर्वी काढलेल्या आणि २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत परत करण्याचा कंपनीने प्रयत्न करावा. आर्थिक अडचणीमुळे ते जमत नसेल तर भाड्याइतक्या रकमेचे क्रेडिट शेल द्यावे. ते ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता यावे, दुसऱ्याच्या नावे करता यावे, आणि न वापरल्यास मुदतीअखेर पैसे परत व्हावेत. शिवाय ३० जून २०२० पर्यंत दरमहा मूळ रकमेच्या अर्धा टक्का आणि तेथून ३१ मार्च २०२१ पर्यंत दरमहा पाऊण टक्का अशी तिच्यात वाढ व्हावी.

ही वाढ ‘प्रोत्साहन’ म्हणून देण्यात आली. नाव काहीही असो, ती गणिताने व्याजच आहे. १ एप्रिल २०२० रोजी रद्द झालेल्या दहा हजारांच्या तिकिटावर तीन महिन्यांचे दीडशे आणि पुढील नऊ महिन्यांचे सहाशे पंचाहत्तर, मिळून आठशे पंचवीस रुपये होतात. प्रवाशाच्या पैशाला कालमूल्य आहे आणि तो वापरणाऱ्याने त्याचे मोल द्यावे, हे भारतीय विमानव्यवहारात एवढ्या स्पष्टपणे मान्य झाल्याचे दुसरे ठळक उदाहरण आढळत नाही. निकालाचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. परंतु धनकोला व्याज दिले म्हणजे त्याच्या मुद्दलाची हमी मिळाली असे होत नाही. वर्षभरात कंपनीच बुडाली तर त्या क्रेडिट शेलचे काय, या प्रश्नाला योजनेत उत्तर नव्हते. युरोपात याच सुमारास हा धोका ओळखला गेला होता. तेथील २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे पैशांऐवजी व्हाउचर द्यावयाचे तर प्रवाशाची लेखी संमती लागते. आणि १३ मे २०२० रोजी युरोपीय आयोगाने केलेल्या शिफारशीत अशी व्हाउचरे ती काढणाऱ्या कंपनीच्या दिवाळखोरीपासून सुरक्षित असावीत, असे सुचविले होते. ती केवळ शिफारस होती. परंतु दुखणे कोठे आहे याचे निदान तीत अचूक होते.

मध्यस्थामार्फत काढलेल्या तिकिटांची कथा आणखी लांबली. पैसे कंपनीकडून मध्यस्थाकडे आणि मध्यस्थाकडून प्रवाशाकडे या प्रवासात कोठे अडकले हे प्रवाशाला कळत नसे. टाळेबंदीतील परताव्यांपैकी एका प्रवासविषयक संकेतस्थळाकडे २०२१ मध्ये सुमारे सव्वीस कोटी रुपये थकीत होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाठपुरावा केल्यानंतर जून २०२४ मध्ये ही थकबाकी सुमारे अडीच कोटींवर आली आणि तीही फेडण्याचा आदेश निघाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्थापन केलेल्या या प्राधिकरणाचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येक प्रवाशाने स्वतंत्र दावा लावण्याची गरज त्याच्या कारवाईत उरत नाही. ज्याला स्वतंत्र दावा लावावयाचा आहे, त्याला याच कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते. रत्नागिरीच्या प्रवाशाने दिल्लीच्या कंपनीसाठी दिल्लीस जावे, हा जुना जाच त्यामुळे संपला.

येथवरचे सारे उपाय कंपनी उभी आहे हे गृहीत धरतात. ती कोसळली म्हणजे काय होते हे पाहण्यासाठी गो फर्स्ट या मुंबईस्थित कंपनीचे उदाहरण पुरेसे आहे. २ मे २०२३ रोजी तिने स्वतःहून नादारी व दिवाळखोरी संहितेच्या दहाव्या कलमाखाली अर्ज केला आणि ३ मेपासून उड्डाणे थांबविली. उन्हाळ्याच्या सुटीचा हंगाम होता, म्हणजे आगाऊ पैसा कंपनीकडे सर्वाधिक साठण्याचा काळ. १० मे रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला आणि चौदाव्या कलमाखालील स्थगिती लागू झाली. स्थगिती म्हणजे कंपनीविरुद्धचे दावे व वसुली गोठणे. सात दिवसांत, तीस दिवसांत परतावा द्या असे सांगणारे निर्देश रद्द झाले नव्हते. परंतु ज्या देण्यावर स्थगिती आहे ते विशिष्ट धनकोंना परस्पर चुकते करता येत नाही. परवाना काढून घेण्याची धमकीही येथे निरुपयोगी, कारण विमाने आधीच जमिनीवर होती.

अशा वेळी प्रवाशाचे स्थान संहितेच्या भाषेत ठरवावे लागते. पैसे कर्जाऊ देणारा तो वित्तीय धनको, आणि वस्तू वा सेवेच्या व्यवहारातून ज्याचे येणे निघते तो प्रचालन धनको. सेवा देणाऱ्याचे येणे थकले तर तो प्रचालन धनको हे उघड होते. सेवेसाठी आगाऊ पैसे भरणाऱ्याचे काय, ही शंका होती. कन्सॉलिडेटेड कन्स्ट्रक्शन कन्सोर्टियम विरुद्ध हित्रो एनर्जी या खटल्यात ४ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आगाऊ पैसे देणाराही प्रचालन धनको होय, असे ठरविले. या तर्काने प्रवाशालाही ते स्थान सांगता येते. पण त्या स्थानाने मिळते काय? कंपनीचे भवितव्य ठरविणाऱ्या धनको-समितीत मत वित्तीय धनकोंना असते. प्रक्रिया स्वतः सुरू करावयाची तर थकबाकी किमान एक कोटी रुपयांची लागते. ती एका प्रवाशाची असणे शक्य नाही. आणि कंपनी समापनात गेली तर त्रेपन्नाव्या कलमाची उतरंड समोर येते. प्रथम प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन आणि तारण सोडून दिलेले तारणी धनको. मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन. मग बिनतारणी वित्तीय धनको. मग सरकारी देणी. आणि या सर्वांनंतर ‘उरलेली देणी’. प्रवासी तेथे उभा असतो. त्याच्या मागे केवळ भागधारक असतात.

ही उतरंड अपरिवर्तनीय नाही, हे दाखविणारी दोन उदाहरणे आहेत. घरासाठी बांधकाम व्यावसायिकाला आगाऊ पैसे देणारे ग्राहक प्रथम अशाच त्रिशंकू अवस्थेत होते. २०१८ च्या दुरुस्तीने त्यांना वित्तीय धनको मानण्यात आले. त्याही आधी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, महाराष्ट्रात ज्याची अंमलबजावणी ‘महारेरा’कडे आहे, घरखरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घातले होते. घर आणि विमानतिकीट यांची तुलना सर्वांगाने जुळणारी नाही. एकात आयुष्याची पुंजी असते, दुसऱ्यात सुटीचा खर्च. मात्र आगाऊ पैसा व्यवसायाच्या चालू खर्चात मिसळू देणे हा निसर्गनियम नसून धोरणाचा भाग आहे, एवढे या तुलनेने सिद्ध होते.

दुसरे उदाहरण खुद्द गो फर्स्टचेच आहे, आणि ते अधिक बोलके आहे. कंपनीची विमाने परदेशी मालकांकडून भाड्याने घेतलेली होती. स्थगितीमुळे त्यांनाही आपली विमाने परत नेता येईनात, आणि त्यांनी न्यायालयीन लढा दिला. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे स्थगितीनंतर पाच महिन्यांच्या आत, केंद्र शासनाने अधिसूचना काढून विमाने, इंजिने व तत्सम वस्तूंविषयीच्या व्यवहारांना चौदाव्या कलमाच्या स्थगितीतून वगळले. २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला, आणि २०२५ मध्ये केपटाऊन कराराला अनुसरून संसदेने स्वतंत्र कायदाच केला. मालकांना संरक्षण मिळाले यात अन्याय नाही. विमाने त्यांचीच होती आणि ते न मिळते तर भारतीय कंपन्यांना विमाने महाग भाड्याने मिळाली असती. पण अधिसूचनेत प्रवाशाच्या पैशाविषयी शब्द नाही. जोखीम वाढली तर दर वाढविण्याचे सामर्थ्य ज्या धनकोपाशी होते त्याची दखल घेतली गेली. प्रवाशाला तसा दर लावता येत नाही. किंबहुना कंपनी जितकी अडचणीत, तितकी ती रोकड मिळविण्यासाठी तिकिटे स्वस्त विकते, आणि प्रवासी नेमका तिकडेच वळतो.

पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेमार्फत व्यवहारास हरकत घेण्याची एक वाट असते. पण ती कार्डव्यवहाराच्या अटींतून येते, प्रवाशांच्या अधिकारांतून नव्हे. रोखीने तिकीट घेणाऱ्याला ती मुळीच नाही.

उपाय म्हणून सर्व आगाऊ भाडे स्वतंत्र खात्यात ठेवावे, अशी सूचना होते. ती आकर्षक असली तरी तिचा भार हलका नाही. खेळते भांडवल कंपनीला अन्यत्र व्याजाने घ्यावे लागेल आणि ते व्याज अखेर भाड्यातच उतरेल. ब्रिटनचा मार्ग वेगळा आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये कोर्ट लाइन हा प्रवासव्यवसायातील मोठा समूह कोसळल्यावर १९७५ मध्ये तेथे कायद्याने राखीव निधी उभारण्यात आला. पुढे विकसित झालेल्या ‘ॲटॉल’ या परवाना-योजनेत प्रवास-आयोजकाकडून दर प्रवाशामागे अडीच पौंड निधीत जमा होऊ लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक कंपनी बुडाली तेव्हा या योजनेत मोडणाऱ्या प्रवाशांचे पैसे परत करता आले. योजनेची मर्यादाही ठळक आहे : विमान व मुक्काम एकत्र विकणाऱ्या आयोजकांच्या ग्राहकांसाठी ती आहे, केवळ विमानाची जागा कंपनीकडून थेट घेणाऱ्यासाठी नाही. तरीही विम्याचे तत्त्व ध्यानी घेण्यासारखे आहे. भारतातील अनेक विमानतळांवर दर प्रवाशामागे विकास शुल्क आकारले जाते आणि ते तिकिटातूनच वसूल होते. अल्प वर्गणी गोळा करण्याची यंत्रणा म्हणजे नव्याने उभारावी लागणार नाही. निधीचा अंमल कोणाकडे असावा आणि दुर्बल कंपनीच्या प्रवाशाची वर्गणी अधिक असावी काय, हे अधिक कठीण प्रश्न आहेत. वर्गणी समान ठेवली तर सुस्थितीतील कंपन्यांच्या प्रवाशांवर इतरांच्या जोखमीचा बोजा पडेल. वेगवेगळी ठेवली तर वर्गणीचा दर हीच कंपनी डबघाईस आल्याची दवंडी ठरेल.

२० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधिकरणाने गो फर्स्टच्या समापनाचा आदेश दिला. संहितेच्या अडतिसाव्या कलमाप्रमाणे समापन सुरू झाल्यापासून तीस दिवसांत धनकोंनी आपले दावे समापकाकडे सादर करावयाचे असतात. मे २०२३ मध्ये सुटीचे तिकीट काढलेल्या आणि परतावा न मिळालेल्या प्रवाशाला पावणेदोन वर्षांनंतर ते तिकीट व पैसे भरल्याचा पुरावा शोधून, विहित नमुना भरून, बँका, कामगार व सरकार यांच्यामागे सहाव्या पायरीवर आपले नाव नोंदवावे लागणार होते.